चोरून न खाता येणारी भाकरी

कडक भाकरी चोरून खाता येत नाही. पीएच.डी.साठी नाव नोंदवल्यानंतर केवळ स्वतःच्या निरीक्षणावरून मी काढलेला हा पहिला निष्कर्ष होय, आणि माझ्या बाकीच्या निष्कर्षांच्या वाट्याला न आलेले भाग्य त्याला लाभले आहे: त्यावर आजवर कोणीही आक्षेप घेतलेला नाही.

एप्रिलमधली दुपार होती. सोलापूरच्या उन्हाने चाळिशी ओलांडली होती आणि संशोधक विद्यार्थ्यांच्या सामायिक अभ्यासिकेत पंख्याच्या घरघरीखेरीज कसलाही आवाज नव्हता. मी मांडीवरच्या बॅगेत हात घातला, वरून ओढणी दाबून धरली आणि आतल्या आत भाकरीचा एक तुकडा मोडला. रानात वाळलेली काटकी पायाखाली मोडावी तसा तो आवाज झाला. तीन टेबलांवरची तीन डोकी वर आली. दाराशी बसणाऱ्या मामांना आमच्या हाका एरवी सहसा ऐकू जात नाहीत, पण त्यांनीही मान वळवली आणि विचारले, "ताई, एकट्याच?"

मी मंगळवेढ्याची. दुष्काळात सरकारी कोठार लोकांसाठी मोकळे करणाऱ्या दामाजीपंतांच्या गावच्या मुलीने ओढणीखाली भाकरी लपवावी, हे काही शोभणारे नव्हते. मी पाकीटच टेबलावर ठेवले आणि सोबतची शेंगा चटणीची डबी उघडली. पाच मिनिटांत पाकिटात फक्त चुरा उरला, आणि तो चुराही रत्नागिरीकडून आलेल्या एका मुलाने "हा पापड फार छान आहे" असे म्हणत तळहातावर घेऊन संपवला. भाकरीला पापड म्हटल्याबद्दल आम्ही तिघांनी त्याला जे सुनावले, तिथून आमची चौघांची मैत्री सुरू झाली.

त्या बिचाऱ्याची चूक समजण्यासारखी होती. ज्याने भाकरी नेहमी तव्यावरून ताटात येताना, टम्म फुगलेलीच पाहिली आहे, त्याला ही ताटाएवढी, कागदासारखी पातळ, अंगावर तीळ दाबलेली चकती भाकरीच्याच कुळातली आहे हे सांगून पटत नाही. कडक भाकरी ज्वारीची होते तशी बाजरीचीही होते. साधी भाकरी जिथे पुरी होते, तिथे हिचे खरे काम सुरू होते. मंद आचेवर, फडक्याने दाबत दाबत, अंगातले पाणी निघून जाईपर्यंत तिला तव्यावर ठेवावे लागते. घाई केली तर ती एका बाजूने करपते आणि मधे मऊ राहते. नीट जमली तर मात्र ती महिनाभर टिकते, कारण बुरशीला जगायला जेवढी ओल लागते तेवढीही तिच्यात उरलेली नसते. चटणीचेही थोडेफार असेच आहे. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरे आणि मीठ उखळात कुटत राहिले की दाण्याला तेल सुटते आणि सगळे एकजीव होते. मिक्सरमधून काढलेल्या चटणीला चव असते, पण तिला तसे तेल सुटत नाही, असे माझी आई म्हणते, आणि या बाबतीत मी तिच्याकडे पुरावा मागत नाही.

ओल जाण्याची वाट पाहणे हा माझ्या संशोधनाचाही मोठा भाग आहे. माझा विषय मालदांडी ज्वारीची मुळे. रब्बीची ही ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात, आणि पुढे पाऊस आला नाही तरी काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर ती फेब्रुवारी-मार्चपर्यंत तग धरते. ती ओल खाली सरकू लागली की मुळे तिच्यामागे कशी आणि किती जातात, हे मी मोजते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला ते त्याआधीच मिळालेले होते. मी वडिलांना मोठ्या उत्साहाने मानांकन म्हणजे काय ते समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेऊन "मग भाव वाढंल का गं?" एवढेच विचारले. हा प्रश्न माझ्या विषयाच्या कक्षेत येत नाही, हे मी त्यांना अजून सांगू शकलेले नाही.

रब्बी वर्षातून एकदाच येते, त्यामुळे एखादा प्रयोग फसला की पुढची संधी बारा महिन्यांनी. जमिनीतून काढलेली मुळे धुवायची, ७० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये ठेवायची, ठरावीक वेळाने बाहेर काढून वजन करायचे आणि लागोपाठची वजने सारखी येईपर्यंत तेच पुन्हा करत राहायचे. त्या ओव्हनच्या दारावर 'येथे खाद्यपदार्थ ठेवू नयेत' अशी पाटी आहे. जुलैच्या दमट हवेत भाकरी सादळली की त्या पाटीकडे पाहून मला जे वाटते ते मी माझ्या मार्गदर्शक मॅडमना कधीही सांगणार नाही.

संशोधन करते असे सांगितले की लोकांच्या डोळ्यांसमोर सूक्ष्मदर्शकावर वाकलेली किंवा ग्रंथांच्या ढिगामागे दडलेली व्यक्ती येते. प्रत्यक्षात आमचे दिवस बहुतेक थांबण्यात जातात आणि आमच्यापैकी प्रत्येकाचे थांबणे वेगळे आहे. अक्कलकोट तालुक्यातला, घरी कन्नड बोलणारा मित्र भौतिकशास्त्राचा. तो काचेच्या पट्टीवर केसाहून कितीतरी पातळ असे थर चढवतो आणि ते मोजणाऱ्या यंत्रावर आपला क्रमांक कधी लागतो याची वाट पाहतो. त्याच्या मते कडक भाकरी हीसुद्धा तव्यावर चढवलेली एक पातळ फिल्मच असून तिची जाडी सगळीकडे सारखी राखणे हे जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेला हेवा वाटावे असे कसब आहे. रत्नागिरीचा मित्र इतिहासाचा. मे १९३० मध्ये सोलापुरात पुकारलेल्या लष्करी कायद्यावर तो काम करतो आणि कुठल्या ना कुठल्या दफ्तरातून कागद मिळण्याची परवानगी येण्याकडे डोळे लावून बसतो. चौथी मैत्रीण शहराच्या पूर्व भागातली. घरी तेलुगू बोलतात, वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात आणि तिचा विषयही यंत्रमाग कामगारांचे अर्थकारण हाच आहे. तिला मुलाखतीसाठी पाळी सुटण्याची वाट पाहावी लागते. मागांच्या खडखडाटात लहानाची मोठी झाल्यामुळे तिला शांततेत वाचता येत नाही, आणि त्या पहिल्या दुपारी भाकरीच्या आवाजाने आपले वाचन बिघडले नसून उलट मार्गी लागले, असा तिचा दावा आहे.

आणि फेलोशिपची वाट तर सगळेच पाहतात. ती येते तेव्हा काही महिन्यांची एकदम येते, आणि आठवडाभर आम्ही चौघे श्रीमंत असतो.

तेव्हापासून दर सोमवारी अभ्यासिकेत कोणी ना कोणी एक पाकीट आणू लागले. भाकरी कोणत्या दुकानातली चांगली यावर मात्र आमचे एकमत होऊ शकले नाही. माझे दुकान वेगळे, अक्कलकोटवाल्याचे वेगळे. पूर्व भागातल्या मैत्रिणीला दुकान हीच कल्पना मान्य नव्हती. तिच्या गल्लीतल्या एका मावशी घरी भाकऱ्या करून विकतात आणि त्यापुढे बाकी सगळे तुच्छ, असे तिचे म्हणणे होते. रत्नागिरीवाल्याला सोलापुरात येऊन वर्षही झाले नव्हते, तरी त्यानेसुद्धा बसस्थानकाजवळचे एक दुकान आपले मानून टाकले. "का बे, भात खाणाऱ्याला यातलं काय कळतं?" असे अक्कलकोटवाला त्याला दर सोमवारी विचारत असे, आणि तो दर सोमवारी सर्वांत मोठा तुकडा उचलत असे.

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. वसतिगृहात राहणाऱ्याला आठवड्यातली ही एकच संध्याकाळ खऱ्या अर्थाने स्वतःची वाटते. आम्ही दह्याची पिशवी आणि कांदे घेऊन पूर्व भागातल्या मैत्रिणीच्या घरी गच्चीवर जमायचो. दिवसभर तापलेली गच्ची आठ वाजेपर्यंत पायांना चटके देत असे, म्हणून तिच्या आई आधी पाणी शिंपडायच्या. पण पाणी शिंपडायचे ते पाणी येऊन गेलेल्या दिवशीच, कारण सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही आणि घराघरातली कामे पाण्याच्या दिवसानुसार ठरतात. मग एक जुनी, धुऊन मऊ झालेली चादर अंथरली जायची. भाकरी चुरून त्यावर दही, चटणी आणि कच्चा कांदा, एवढेच जेवण. खाली माग चालू असायचे आणि त्यांच्या तालात भाकरीचा आवाज अजिबात ऐकू येत नसे. तिच्या आई आमच्याशी मराठीत बोलत, मुलीला तेलुगूत रागावत आणि शेजारणीशी कन्नडमध्ये भाव करत. तिन्ही भाषांत त्यांचा आवाज मात्र सारखाच चढा.

मुळे धुण्याचा दिवसही सांगायला हवा, कारण माझ्या सगळ्या शैक्षणिक कारकिर्दीत मी त्याच्याइतके हसलेले नाही. डिसेंबरमध्ये पीक फुलोऱ्यावर आले की मुळे काढायची, आणि काळी माती मुळांना अशी चिकटते की घासली तर मुळे तुटतात आणि नाही घासली तर मातीचेच वजन होते. ती पाण्यात भिजवून, हलकेच हलवून, चाळणीवर धरून सुटी करावी लागते. चार गोण्या नमुने होते, मी एकटी होते आणि नळाला पाणी यायला अजून दोन दिवस होते. सकाळी दहा वाजता भौतिकशास्त्र, इतिहास आणि अर्थशास्त्र असे तीन विभाग घरून भरून आणलेले कॅन घेऊन हजर झाले. इतिहासवाल्याने प्रत्येक मूळ जुना दस्तऐवज हाताळावा तसे दोन बोटांत धरले आणि तासाभरात त्याची दोनच झाली. अर्थशास्त्राने हे पाहून कामाची वाटणी केली: एकीने भिजवायचे, एकाने हलवायचे, एकाने चाळायचे, मी चिठ्ठ्या बांधायच्या. त्यानंतर काम मागासारखे चालले. अंधार पडेपर्यंत आमचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते, आणि चिखलाच्या हातांनी भाकरी मोडता येईना म्हणून मामांनी ती आमच्यासाठी मोडून चौघांच्या तोंडात एकेक तुकडा दिला. तेव्हा मोडण्याचा आवाज पुन्हा तसाच झाला, पण मान वळवून पाहायला कोणी उरलेच नव्हते. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मामांचे नाव मॅडमच्या लगेच खाली आहे, आणि ते तिथेच राहील.

त्याच महिन्यात अक्कलकोटच्या मित्राने आम्हाला येळवसेला शेतावर नेले. वेळा अमावास्येला त्याच्याकडे सगळे घर रानात जेवते: डाळी आणि भाज्यांची दाट भज्जी, ज्वारीचे उंडे, मडक्यातली गार आंबील. माझ्या चिठ्ठ्या बांधलेल्या रोपांच्या बहिणी तिथे कंबरेच्या वर उभ्या होत्या आणि कोणी त्यांचे वजन करत नव्हते. मित्राच्या आजींनी मला काय शिकतेस असे विचारले. ज्वारीची मुळे, असे मी सांगितल्यावर त्यांनी शेजारचे एक ताट उपटले, मुळावरची माती झटकली आणि ते माझ्या हातात ठेवून कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या. मित्राने भाषांतर केले, "त्या विचारतायत, यात पाच वर्षं काय बघतेस?" मी तीन म्हणून दुरुस्ती केली. आता ती दुरुस्ती मागे घ्यावी लागेल.

जानेवारीत शहर आपलेच होते. १२ तारखेला इतिहासवाला आम्हाला पहाटे हुतात्मा चौकात घेऊन जातो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १९३१ साली याच दिवशी येरवड्याला फाशी दिले गेले. तिथे तो काहीही बोलत नाही, आणि एरवी त्याला गप्प करणे किती कठीण आहे हे आम्हाला माहीत आहे. लगोलग संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वराची यात्रा येते, बाराबंदी घातलेले भक्त नंदीध्वज पेलत निघतात, आणि होम मैदानावरच्या 'गड्डा' नावाच्या जत्रेत रात्री उशिरा पाळण्यात बसून आम्ही आपापल्या प्रबंधांना शिव्या देतो. पाळण्याच्या कुरकुरीत त्या कोणाला ऐकू जात नाहीत.

आमच्यात पहिला प्रबंध अक्कलकोटवाल्याचा पूर्ण झाला. त्याच्या मौखिक परीक्षेला बाहेरून एक ज्येष्ठ परीक्षक आले होते. अल्पोपाहाराची जबाबदारी आम्हा तिघांवर होती, आणि बिस्किटांच्या शेजारी एका बशीत कडक भाकरीचे तुकडे आणि चटणी ठेवावी की नाही यावर आदल्या रात्री बराच वाद होऊन शेवटी ती ठेवली गेली. सादरीकरण संपले. परीक्षकांनी चष्मा पुसला, पुढचा कठीण प्रश्न येणार अशा बेताने प्रबंधाचे एक पान उघडले आणि नकळत बशीतला एक तुकडा तोंडात टाकला. त्या गंभीर सभागृहात तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला. सर थांबले. कडक भाकरी तोंडात असताना प्रश्न विचारता येत नाही, आणि ती भराभर चावताही येत नाही. ते सावकाश चावत राहिले, आमचा मित्र फळ्याशेजारी घाम पुसत उभा राहिला, आणि मागच्या बाकावर आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहायचे नाही असे न बोलता ठरवले. घोट घेऊन सरांनी उघडलेले पान मिटवले आणि मान वर करून विचारले, "ही मिळते कुठे?"

मित्राने आणि आम्ही तिघांनी एकाच वेळी उत्तर दिले, आणि चौघांनी चार वेगवेगळी ठिकाणे सांगितली.