धरमपेठेतलं पोट्टं आणि व्हर्नियर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न नेहमी हाच असतो: "हिंगणा एमआयडीसीसाठी शिकाऊ पोरं निवडता, त्यात धरमपेठेतून कारनं येणारं पोट्टं कशाला घेता? ते थोडीच टिकणार!"

या प्रश्नामागचा राग आम्हाला कळतो. बापाच्या जोरावर खुर्ची मिळालेले साहेब कामगारांनी सोसलेले असतात. पण त्यांचं उधार या पोराच्या खात्यावर मांडायचं नाही. याच नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू करणारे जमशेटजी टाटा व्यापाऱ्याचे चिरंजीव होते. त्यांच्या मिलमध्ये १८८६ साली पेन्शन फंड सुरू झाला. तो त्यांच्या नावावर जमा करायचा की नाही?

निवडीच्या दिवशी अर्जावरचं आडनाव, पत्ता आणि शाळा चिकटपट्टीनं झाकतो. प्रत्येकापुढे त्याच १० पिना, म्हणजे छोटे गोल दांडे. ड्रॉइंगवर व्यास २५ मिमी, सूट अधिक-उणे ०.०५. व्हर्नियर, म्हणजे वस्तू जबड्यांत धरून बारीक माप घ्यायची पट्टी, ०.०२ लीस्ट काउंटचा (त्याहून बारीक माप त्यावर वाचता येत नाही), वेळ २० मिनिटं. अकरावी सायन्सच्या प्रॅक्टिकलला व्हर्नियर हाताळलेल्याला आयता फायदा नको, म्हणून आधी सगळ्यांना अर्धा तास शिकवतो.

व्हर्नियर मुद्दाम झीरो एररवाला देतो, जबडे मिटले तरी ०.०४ दाखवणारा. हे न तपासता मापायला बसलं की २५.०४ ची चांगली पीन २५.०८ दिसून बाद होते आणि २४.९२ ची खराब पीन २४.९६ दिसून पास होते. जबडे पुसले का, माप दोन दिशांनी घेतलं का, हेही पाहतो, कारण एक पीन अंडाकृती असते. जबडे जोरानं आवळले तर माप कमी येतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रीडिंग आलं तसं लिहिलं, की गोड करून २५.०० लिहिलं?

दोन परीक्षक गुण वेगवेगळे लिहितात, बोलणं नंतर. घोळ इथेच होतो. इंग्रजी फर्डं म्हणून दोन गुण वाढतात, नाहीतर हाताला घट्टे नाहीत म्हणून दोन कापले जातात. दोन्ही खोडायचे. वडिलांचा फोन आला, तर तो वडिलांनी केलेला असतो; पोरानं करायला लावला होता का, ते पोरालाच विचारायचं.

पुढे तीन महिने सगळ्यांना तीच रात्रपाळी, मशीनखालचा तोच कीस झाडायचा. "पाहू याच्यात किती दम आहे" म्हणत कारवाल्याच्या हाती रोज झाडू देणाऱ्या सुपरवायझरला आम्ही त्याच दिवशी टोकतो.