खोटी दांडी

दुपारी जेवणं झाल्यावर उन्हाच्या चौकोनात मांजर पसरलं होतं, म्हणून फोन काढून फोटो घेतला. 'खटॅक' वाजलं. मांजराने एक कान हलवला आणि माझ्या मनात आलं, आत खटकलं काय? फोनमध्ये तर असं काही हलत नाही. कुणीतरी भरून ठेवलेला आवाज, तो वाजतो इतकंच. पण बंद केला की फोटो निघालाच नाही असं वाटत राहतं, म्हणून मी तो चालूच ठेवते. त्यानंतर माझा उजवा अंगठा हवेत एकदा बाहेरच्या बाजूला सरकतो. ती सवय बाबांच्या कॅमेऱ्याची.

त्या कॅमेऱ्याला चामड्याचं कव्हर होतं आणि वरच्या कोपऱ्यात रोल पुढे सरकवायची दांडी. फोटो काढायचा मान बाबांचा. ते "थांबा हं" म्हणून रिंगा फिरवत बसत, तोवर सगळ्यांचं हसू वाळून जाई. दांडी ओढायचा मान मात्र माझा. कर्रर्र. शेजारच्या खिडकीतला आकडा एकने पुढे. रोलमध्ये 36 फोटो, ते सहा महिने पुरवायचे.

एकदा कुणी नसताना मी मागचं झाकण उघडलं. आत आपण दिसतोय का, एवढंच बघायचं होतं. दिसली एक तपकिरी, गुळगुळीत पट्टी. झाकण लावून टाकलं. रोल धुऊन आला तेव्हा मधले बरेच फोटो पांढरेफटक. बाबा ते उजेडाकडे धरून म्हणाले, "लाईट लागला वाटतं." पुढे विषय नाही.

हे सगळं आठवायचं कारण जर्मनीतली लायका. 2018 साली या कंपनीने एम10-डी नावाचा डिजिटल कॅमेरा काढला. त्याला मागे पडदाच नाही, त्या जागी एक गोल चकती. काढलेला फोटो बघायचाच असेल तर फोनवर बघा. आणि वर, नेमकी अंगठ्याशी, एक दांडी. ती काहीच सरकवत नाही, आत रोल असेल तर ना! अंगठा टेकायला आहे म्हणे.

मी आधी हसले. मग वाटलं, ही माणसं वेडी नाहीत. 2005च्या सुमारास कंपनी बुडायच्या बेतात होती. सगळे डिजिटलच्या मागे धावत होते आणि यांचा एम मालिकेतला पहिला डिजिटल कॅमेरा यायला 2006 उजाडलं. धावून गाठणं शक्य नव्हतं. मग यांनी वजाबाकी सुरू केली. 2012 साली फक्त कृष्णधवल फोटो काढणारा कॅमेरा, 2016 साली पडद्याविना एक, आणि 2022 साली चक्क 1984चा रोलवाला एम6 पुन्हा बाजारात. दरवेळी काहीतरी कमी आणि किंमत तालेवारांची. आमच्याकडे भाजीत मीठ कमी पडलं तर कुणी जास्त पैसे देत नाही.

दुसऱ्या हाताने मात्र हेच लोक आपलं नाव फोनवाल्यांना देतात. 2016 साली हुआवेच्या फोनवर लायका आली, नंतर शाओमीच्या. शाओमीच्या फोनांत तर लायकाच्या शटरचा आवाजही आहे. म्हणजे एकीकडे आवाज, दुसरीकडे दांडी. मधला कॅमेरा ज्याला परवडेल त्याचा.

खरं तर बाबांचा रोलही यांच्याच वळणाचा. लायकाचं मूळ म्हणजे जर्मनीतल्या वेट्झलार गावचा लायट्झ कारखाना. तिथल्या ऑस्कर बर्नाकला दम्याचा त्रास होता, काचेवर फोटो उतरवणारे जड कॅमेरे वाहवेनात. त्याने सिनेमाची पट्टी आडवी घातली, चौकट दुप्पट करून 24 बाय 36 मिलिमीटर केली आणि खिशात मावेल असा कॅमेरा बनवला. 1925 साली लाइपझिगच्या जत्रेत तो जगापुढे आला. धाप लागू नये म्हणून केलेली सोय, तिच्यावर पुढे आमच्यासारख्या किती घरांचे वाढदिवस निघाले.

एम10-डीला उघडून आत डोकावण्यासारखं काही नाही, हे बाबांना आवडलं असतं. कुणी हातात दिलाच तर मी आधी ती दांडी ओढून बघेन. कर्रर्र होणार नाही, ठाऊक आहे.

मांजर केव्हाच उठून गेलं. फोटोत शेपटी आलेली नाही.