क्यूचं दप्तर: 62 हा आकडा आधी लिहून घ्या

'आता सगळं ऑनलाइन आहे, शब्द टाकला की फाइल समोर येते,' असं सांगून जाणत्यांनी मला लंडनला पाठवलं. यावर अजिबात विसंबू नका. 1938 साली व्हिएन्ना, फ्रँकफर्ट, कलोन इथल्या ब्रिटिश कॉन्सलांनी, म्हणजे वाणिज्यदूतांनी, ज्यूंच्या छळाबद्दल आणि लुटीबद्दल जे कळवलं, त्याचा मोठा भाग लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी दप्तरखान्यात, परराष्ट्र खात्याच्या 'एफओ 371' या मालिकेत आहे. तो बराचसा तिथे बसूनच वाचावा लागतो.

खरा चढ लागतो तो कॅटलॉगमध्ये. बऱ्याच नोंदींत गाव नाही, माणसाचं नाव नाही. फक्त देशाचा संकेतांक, फाइल क्रमांक आणि 'कागद अमुक ते तमुक'. जर्मनीचा संकेतांक 18. साहजिकच सगळे 18 उपसत बसतात, मीही तेच केलं, कारण तसंच सांगितलं होतं. पण 1938 चा ज्यूंविषयीचा बराच पत्रव्यवहार 62 खाली, म्हणजे 'सर्वसाधारण' या कप्प्यात आहे. हे कुणीही सांगत नाही! वाचनकक्षातल्या छापील सूचीचे जाड खंड काढा, त्या वर्षाच्या खंडात विषय शोधा, C ने सुरू होणारा कागद क्रमांक उतरवून घ्या आणि मग तो कोणत्या गठ्ठ्यात बसतो ते जुळवा. पेशवे दप्तरात रुमाल सोडवलेल्यांना ही चिकाटी नवी नाही. बाकीच्यांनी पहिला दिवस यातच जाणार हे धरून चाला.

दुसरा संताप पैशांचा. एका खाजगी मदतनिसाने पानागणिक दर लावून भलीमोठी रक्कम सांगितली होती. तिथे स्वतःच्या कॅमेऱ्याने किंवा मोबाइलने फोटो काढायला एक पेनीही पडत नाही. कुणालाही पैसे देऊ नका.

मूळ कागद पाहण्यासाठीचं रीडर्स तिकीट फुकट मिळतं, पण नुसत्या पासपोर्टवर भागत नाही, पत्त्याचा वेगळा पुरावा लागतो. पेन आणि खोडरबर आत नेता येत नाही. रविवार-सोमवार बंद. क्यूची बाग, तळं वगैरे बाकीच्यांनी पुष्कळ लिहिलंय.

जाण्याआधी घरी एक वाचून जा: 30 ऑक्टोबर 1939 ला ब्रिटिश सरकारने छापलेली श्वेतपत्रिका, क्रमांक सीएमडी 6120. व्हिएन्नाचे कॉन्सल-जनरल गेनर, फ्रँकफर्टचे स्मॉलबोन्स यांचे अहवाल तीत आहेत. पण तेवढ्यावर थांबू नका. ती युद्ध सुरू झाल्यावर, निवडून छापलेली आहे. मूळ फाइलीत वरच्या वेष्टनावर लंडनच्या अधिकाऱ्यांचे शेरे असतात, आणि आत दुकानं, खाती, घरं बळकावल्याची माहिती येते. ती समजायला नाझी सरकारच्या हुकमांच्या तारखा पाठ हव्यात: 26 एप्रिल 1938, पाच हजार मार्कांवरची मालमत्ता नोंदवण्याचा हुकूम, 12 नोव्हेंबर, ज्यूंवर एक अब्ज मार्कांचा दंड, 21 फेब्रुवारी 1939, सोनंचांदी जमा करण्याचा हुकूम. देश सोडायचा तर एक चतुर्थांश मालमत्ता पलायन-करात जायची, आणि उरलेला पैसाही गोठवलेल्या खात्यात. आधी नोंद, मग जप्ती. हा क्रम डोक्यात नसेल तर कॉन्सलचं साधं वाटणारं पत्रही कळत नाही. माझं तरी रक्त तापलं.

वेळ कमी असेल तर नोव्हेंबर-डिसेंबर 1938 चेच कागद मागवा, बाकी सोडा. स्मॉलबोन्सने अमेरिकेच्या व्हिसाच्या रांगेत अडकलेल्यांना तोवर ब्रिटनमध्ये राहू देण्याची योजना पुढे रेटली, ती याच काळात. त्यांच्या हाताखालचे डाउडन गाडीत अन्न घालून लपलेल्या लोकांपर्यंत पोहोचवत होते. कॉन्सलच्या कचेरीतल्या माणसांनी एवढं केलं, हे वाचून मी दुपारचं जेवण विसरलो.

मुंबईत आलेल्या निर्वासितांचा माग काढायचा असेल, म्हणजे व्हिएन्नाहून आपल्या ज्यू पत्नीसह आलेले चित्रकार लँगहॅमर यांच्यासारख्यांचा, तर क्यूमध्ये दिवस घालवू नका. इंडिया ऑफिसचं, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याचं, दप्तर लंडनमध्येच सेंट पँक्रासला ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिथलं ओळखपत्र वेगळं, तेव्हा पत्त्याचा पुरावा तिथेही बरोबर ठेवा.