ट्रिमची नोंद: बॅटरीची नेल गन 18 गेजचीच घेतली, 16 भाड्याने आणणार

न्यू जर्सीतल्या आमच्या घराचं ट्रिम, म्हणजे भिंतींच्या आणि दारा-खिडक्यांच्या कडेच्या पट्ट्या, बदलण्याचं काम आता तळमजला संपवून जिन्यावर चढलंय. बेसबोर्ड, म्हणजे भिंतीच्या तळाशी लागणाऱ्या पट्ट्या, सगळीकडे लागले. जिन्याखालचं कपाट राहिलंय, पण ते राहणारच होतं. आता वरच्या मजल्यावरच्या दारांच्या केसिंग पट्ट्या, म्हणजे चौकटीभोवतीच्या. मधल्या काळात नेल गनचा, म्हणजे खिळे मारायच्या यंत्राचा, प्रश्न एकदाचा निकालात काढला, म्हणून आजची नोंद त्याच्यावरच.

आधी खिळा ठरवा, मग बॅटरी, आणि गन सगळ्यात शेवटी. दुकानात नेमकं उलटं होतं. माणूस गन हातात घेतो, वजन तोलतो, रंग बघतो, आणि ती किती लांबीचा खिळा मारते हे घरी आल्यावर खोक्यावर वाचतो.

गेज म्हणजे खिळ्याच्या जाडीचं माप; आकडा जितका मोठा तितका खिळा बारीक. 23 गेज म्हणजे जवळपास टाचणीच, 0.6 मिलिमीटर जाडीची आणि बिनडोक्याची. 18 चा ब्रॅड, म्हणजे छोट्या डोक्याचा बारीक खिळा, 1.2 मिलिमीटर, 16 चा 1.6 आणि 15 चा 1.8. कागदावर हे फरक किरकोळ वाटतात. पण रंग मारलेल्या एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या) पट्टीत 16 चा खिळा घातला की भोकाभोवती फुगवटा येतो, तो घासा, लांबी भरा, पुन्हा घासा. 18 च्या भोकाला बोटाने थोडी लांबी दाबली की भागतं. आपण हौशी लोक खिळे मारण्यापेक्षा भोकं बुजवण्यातच जास्त वेळ घालवतो, त्यामुळे माझ्या हिशेबात हा मुद्दा ताकदीच्या वरचा.

आता लांबी, म्हणजे खिळ्याची. इथल्या भिंतीत ड्रायवॉल, म्हणजे वरचा जिप्समचा तक्ता, चार सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), माझा बेसबोर्ड साडेचार सूत. साडेआठ सूत नुसत्या आवरणातच गेले. दोन इंची खिळा मारला तर उरलेले साडेसात सूत आतल्या लाकडी खांबात, म्हणजे स्टडमध्ये, जातात. बेसबोर्डला तेवढं पुरतं. अडीच इंची मारला तर साडेअकरा सूत आत जातो, आणि इथे जरा थांबून विचार करावा. अमेरिकेच्या वायरिंगच्या नियमानुसार स्टडमधून जाणारी वायर त्याच्या दर्शनी कडेपासून निदान सव्वा इंच, म्हणजे दहा सूत, आत असावी लागते. त्याहून जवळ असेल तर पुढे लोखंडी पत्रा ठोकतात. म्हणजे दोन इंची खिळा त्या हद्दीच्या आत राहतो, अडीच इंची दीड सूत पुढे घुसतो. दरवेळी वायर लागेलच असं नाही, पण गरज नसताना लांब खिळा का मारायचा?

18 गेजच्या बहुतेक गन दोन इंचांपर्यंत जातात. बेसबोर्ड, केसिंग, खिडकीच्या पट्ट्या सगळं त्यात बसतं. केसिंगला दोन लांब्या लागतात: आतली बारीक कड चौकटीला सव्वा इंचीने, बाहेरची जाड कड ड्रायवॉलमधून स्टडला दोन इंचीने. 16 किंवा 15 खरोखर लागते ती दाराची चौकट बसवताना, कारण तिथे पल्ल्याचं वजन बिजागऱ्यांवर लटकतं. तेवढ्यासाठी एका दिवसाचं भाडं परवडतं. व्यावसायिक सुतार बरोबर उलटा सल्ला देतात, आधी 16 घ्या म्हणून. त्यांना रोज दारं बसवायची असतात, आपल्याला नाही.

खिळा ठरला, आता तो मारायचा कसा. बाजारात चार तऱ्हा आहेत. सगळ्यात जुनी गॅसची. पास्लोड कंपनीने 1986 मध्ये ती आणली: आत छोट्या नळकांड्यातला वायू, पंखा तो हवेत मिसळतो, ठिणगी पडते, पिस्टन खाली येतो. गन हलकी आणि दणकट, पण वायूचा वास येतो, आतून साफ करावी लागते, आणि नळकांड्यावर मुदत छापलेली असते. वर्षातून दोनदा गन काढणाऱ्याला ती मुदत महागात पडते. दुसरी तऱ्हा रायोबीची: गनच्या पोटातच प्रत्येक खिळ्यासाठी हवा दाबली जाते. स्वस्त, पण अंगाने जाड. तिसरी हवेच्या स्प्रिंगची, मिलवॉकीच्या एम18 फ्युएल किंवा मेटाबो एचपीटीच्या गनसारखी. बंद नळीत कायमचा कोंडलेला वायू, मोटर पिस्टन मागे ओढून धरते, घोडा दाबला की सुटतो. घोडा दाबल्यावर थांबणं नाही, झटका कमी. चौथी डीवॉल्टची फ्लायव्हील: नाक पट्टीवर टेकवलं की आत चाक गरगरायला लागतं, घोडा दाबला की खिळा ढकलणारं पातं त्या चाकाला चिकटून पुढे फेकलं जातं.

मित्राकडची हवेच्या स्प्रिंगची गन दिवसभर वापरून पाहिली. हातात गोड लागते, हे मान्यच. तरी घेतली फ्लायव्हीलच, डीवॉल्टची डीसीएन680. एक कारण उघड आहे: ड्रिल आणि सॉ दोन्ही त्याच बॅटरीवर, दुसऱ्या घराण्यात सोयरीक करायची तर चार्जरसकट सगळा संसार नवा. दुसरं कारण ट्रिमच्या कामातलं. चाक फिरायला लागणारा क्षणभराचा वेळ फरशीच्या किंवा छपराच्या कामात जाणवेल. इथे तुम्ही नाक टेकवता, पट्टी डाव्या हाताने दाबता, रेघ बघता, तोवर चाक कधीच फिरलेलं असतं. आणि या गनचं नाक बारीक आहे. मोल्डिंगच्या खाचेत ते नेमकं शिरतं आणि खिळा कुठे जाणार ते दिसतं. विकत घेताना सगळ्यांत कमी बोललं जातं ते या नाकाबद्दल.

पैशांचं सांगायचं तर नुसती गन, बॅटरीशिवाय, साधारण दीडशे ते साडेतीनशे डॉलरमध्ये येते. तेवढ्यातच छोटा कॉम्प्रेसर आणि त्याबरोबर दोन-तीन एअर गन मिळतात. पुण्या-मुंबईत फर्निचरवाले सुतार कॉम्प्रेसरवरच काम करतात आणि त्यांचं काही अडत नाही. (तिथे स्कर्टिंग बहुतेक फरशीचंच, म्हणून खिळ्यांचा हा प्रकारच वेगळा.) एकाच खोलीत ठाण मांडून काम करणार असाल तर कॉम्प्रेसर घ्या. माझं काम तुकड्यातुकड्यांत, पोरं झोपल्यावर. तेव्हा कॉम्प्रेसर सुरू केला तर घरात मलाच खिळून ठेवतील.

गन हातात आल्यावर पहिलं काम म्हणजे खिळा किती खोल जाईल ते ठरवणारं चाक जुळवणं. उरलेल्या तुकड्यावर, त्याच एमडीएफच्या, मारून पाहिलं. खिळ्याचं डोकं पृष्ठभागाच्या जेमतेम अर्धा सूत खाली बसलं पाहिजे. जास्त खाली गेलं तर एमडीएफची पकडच सुटते. ऐन कामात चाचपडायला नको म्हणून मी प्रत्येक जाडीसाठी किती खाचा फिरवायच्या ते गनला चिकटवलेल्या टेपवर लिहून ठेवलंय. घोडा एकेक खिळ्याच्या मोडवरच, सलग मारण्याचा मोड ट्रिमला कशालाच लागत नाही. आणि डावा हात खिळ्याच्या लांबीपेक्षा दुप्पट तरी लांब. बारीक ब्रॅड आत लाकडाची रेषा किंवा जुना खिळा लागला की वळतो आणि बाजूने बाहेर येतो, अगदी सरळ मारला तरी.

केसिंगचे मायटर सांधे, म्हणजे तिरपे कापून जुळवलेले कोपरे, मी गोंद लावून आधी खालीच जुळवतो आणि 23 ची टाचणी आडवी घालून गोंद वाळेपर्यंत धरतो. टाचण्यांची गन एका शेजाऱ्याकडून आणलीय. सांधा भिंतीवर चढवल्यावर उघडत नाही, कारण भिंत वाकडी असली तरी ओढ सांध्यावर न येता मागच्या फटीवर येते. ती फट कॉल्कने, म्हणजे फटी बुजवायच्या लवचिक पेस्टने, भरायची.

पुढचा टप्पा जेवणाच्या खोलीतलं क्राउन मोल्डिंग, म्हणजे भिंत आणि छत मिळतात तिथली पट्टी. छताच्या तुळया एकाच दिशेने जातात, त्यामुळे त्यांना समांतर असलेल्या दोन भिंतींवर मोल्डिंगच्या वरच्या कडेला खिळा धरायला काहीच नाही. तिथे आधी तिरपे कापलेले लाकडी ठोकळे स्क्रूने भिंतीच्या वरच्या आडव्या लाकडात बसवणार, आणि मग त्यांच्यावर मोल्डिंग. ठोकळे कापून झालेत. ते 18 वरच होईल की त्या दिवशी 16 आणावी लागेल, हे मोल्डिंग पाइनचं घेतो की एमडीएफचं यावर ठरेल. पाइन असेल आणि त्याला पीळ असेल, तर तो ओढून धरायला 16 लागेल.