कार्ड बघितल्यावर हात लावावासा वाटला पाहिजे

हाताने केलेली ग्रीटिंग कार्डं बरीच बघण्यात येतात आणि त्यातल्या बऱ्याच कार्डांचा एकच प्रॉब्लेम असतो, ती सपाट असतात. रंग मस्त, अक्षर सुंदर, मेहनत तर दिसतेच, पण सगळं एकाच पातळीवर. मग करणाऱ्याला पण वाटतं की अजून काहीतरी हवंय, आणि तो एक फूल चिकटवतो, मग एक रिबन, मग थोडा ग्लिटर, मग दोन मोती, आणि शेवटी कार्ड सपाटच राहतं वर गच्च पण होतं. (ग्लिटरबद्दल माझं मत चांगलं नाही हे आत्ताच सांगून टाकते. तो कार्डवर कमी आणि घरभर जास्त राहतो.)

मला विचाराल तर टेक्श्चर, म्हणजे पोत, ही मुळात सावली. कागदावर काहीतरी अर्धा मिलीमीटर जरी वर आलं तरी त्याच्या एका बाजूला उजेड पडतो आणि दुसऱ्या बाजूला बारीकशी सावली, आणि डोळ्याला तेवढं पुरतं. म्हणून मी कुठलंही कार्ड करताना टेबल लॅम्प वरून न लावता बाजूला, खाली, कागदाच्या जवळजवळ पातळीत ठेवते. तसा उजेड असला की कुठे उठाव आहे आणि कुठे नाही ते लगेच कळतं. समोरून फ्लॅश मारून फोटो काढला की हेच सगळं गायब होतं, मग लोक म्हणतात फोटोत काही दिसतच नाहीये, तर ते त्यामुळे.

आता सुरुवात कागदापासून. वहीच्या किंवा प्रिंटरच्या कागदावर, म्हणजे ७०-८० जीएसएमवर (एक चौरस मीटर कागदाचं वजन इतके ग्रॅम, आकडा मोठा तितका कागद जाड), काहीही उठावाचं करायला गेलात तर तो एकतर फाटतो नाहीतर गुंडाळतो. कार्डाचा मुख्य भाग २५० ते ३०० जीएसएमचा घ्या, आणि ज्याच्यावर दाबून डिझाइन उठवायचं तो थोडा हलका, १६० ते २२०च्या आसपासचा. ए४ कागद मध्ये कापला की दोन ए५ मिळतात, ए५ मध्ये दुमडला की ए६ साइझचं कार्ड, १०५ बाय १४८ मिलीमीटर, आणि ते सी६ पाकिटात बरोब्बर बसतं. दुमडायच्या आधी कागद दोन्ही दिशांनी हलकासा वाकवून बघा, ज्या दिशेने तो कमी विरोध करतो त्याच दिशेने त्याचे धागे असतात आणि घडी तिकडेच घालायची, नाहीतर जाड कागदाच्या घडीवर भेगा पडतात. घडीची रेघ बोन फोल्डरने (घडी घालायची बोथट टोकाची चपटी पट्टी) किंवा रिकाम्या बॉलपेनने मारली की मागच्या बाजूला एक बारीक उंचवटा येतो, तो उंचवटा घडीच्या आत गेला पाहिजे. बहुतेक जण उलटं करतात कारण खाचेकडे दुमडणं सोपं वाटतं.

अजून एक सवय लावून घ्या, सगळा पसारा कार्डावर डायरेक्ट करायचा नाही. वेगळ्या कागदाच्या तुकड्यावर, ज्याला पॅनेल म्हणतात, त्याच्यावर करायचा. चारी बाजूंनी ३ मिलीमीटर लहान, म्हणजे ए६ला ९९ बाय १४२. पाणी लागून पॅनेल वाकडं झालं तर रात्रभर जड पुस्तकांखाली दाबता येतं, मागच्या बाजूला दोऱ्याच्या गाठी, टेप, शाईचे डाग काहीही असलं तरी चिकटवल्यावर झाकलं जातं, आणि अगदीच बिघडलं तर तुकडा फेकायचा, कार्ड वाचतं. शिवाय तो ३ मिलीमीटरचा काठ फ्रेमसारखा दिसतो ते वेगळंच.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतं ते ड्राय एम्बॉसिंग, म्हणजे शाई नाही, रंग नाही, फक्त कागद दाबून उठवणं. त्याला मशीन लागतं असं लोकांना वाटतं पण लागत नाही. स्टेन्सिल खिडकीच्या काचेवर टेपने चिकटवा, वरून कागद ठेवा, चांगली बाजू स्टेन्सिलकडे, आणि मागून येणाऱ्या उजेडात दिसणाऱ्या आकाराच्या कडेकडेने गोल टोकाच्या टूलने दाबत जा. फक्त कडा दाबायच्या, मधला भाग घासायची गरज नसते, तो आपोआप फुगल्यासारखा दिसतो. टूल अडकत असेल तर कागदाच्या मागच्या बाजूवर मेणबत्ती हलकेच घासा, मग ते सरसर चालतं. एका दमात खोल दाबायला जाऊ नका, आधी हलकं, मग परत त्याच रेषेवरून थोडं जोरात, असं दोन-तीन फेऱ्यांत केलं की कागद फाटत नाही कारण त्याच्या तंतूंना सरकायला वेळ मिळतो. हवा कोरडी असेल तर स्प्रेने पाण्याचा अगदी एक हलका फवारा मारला तरी फरक पडतो. आणि अक्षरं उठवणार असाल तर स्टेन्सिल उलटी लावा, नाहीतर कार्ड सरळ केल्यावर नाव आरशातलं येतं.

पांढऱ्या कागदावर पांढरंच एम्बॉसिंग, दुसरा रंगच नाही, असं कार्ड एकदा करून बघा. टेबलावर ठेवलं तर लांबून कोरं वाटतं, हातात घेऊन तिरकं केलं की डिझाइन वर येतं. माणूस दोनदा बघतो. तेच उठावदार भागावर शाईचा स्पंज अगदी कोरडा करून फिरवला तर फक्त वरचे भाग रंगतात. आणि ज्या रंगीत कार्डशीटचा आतला गाभा पांढरा असतो तिच्यावर बारीक सॅंडपेपर घासला की उंचवट्यांवरचा रंग निघून पांढरं दिसायला लागतं, जुन्या दरवाज्याचा रंग उडाल्यासारखं. हे शीटवर अवलंबून आहे हं, पूर्ण जाडीभर एकच रंग असलेल्या शीटवर कितीही घासा, काही होत नाही, तेव्हा आधी कोपरा फाडून गाभा बघून घ्या.

फाडण्यावरून आठवलं, कात्री बाजूला ठेवून नुसतं फाडणं हा सगळ्यात स्वस्त टेक्श्चर आहे आणि लोक त्याला फार कमी किंमत देतात. पांढऱ्या गाभ्याचा रंगीत कागद फाडताना एका तुकड्याला रुंद पांढरी कड येते आणि दुसऱ्याला जवळपास येतच नाही, हाताची दिशा उलटी केली की कड दुसऱ्या तुकड्याकडे जाते, दोन-चार रद्दी तुकड्यांवर करून बघितलं की हाताला कळतं. डोंगर, ढग, लाटा अशा गोष्टींना ती पांढरी कड फारच शोभते, रंगछटा गडद ते फिकी अशी चार-पाच फाडलेल्या पट्ट्यांची एकावर एक रांग लावली की झालं कार्ड. लांब तंतूंचा हातकागद असेल तर ब्रशने पाण्याची रेघ ओढा, मिनिटभर थांबा आणि हळूच दोन्हीकडे ओढा, कडेला तंतू मोकळे होऊन लोकरीसारखे दिसतात.

खोक्याचा पुठ्ठा पण फेकू नका. त्याचा वरचा कागद थोडा ओला करून सोलला की आतल्या नागमोडी पट्ट्या उघड्या पडतात. पूर्ण सोलू नका, मधेमधे थोडा कागद तसाच राहू दे, त्याच्यातच मजा आहे. वर पांढरा ॲक्रिलिक जवळजवळ कोरड्या ब्रशने ओढायचा.

हीट एम्बॉसिंग हा मात्र वेगळा प्रकार आहे, त्यात कागद दाबत नाहीत, शाईवर एम्बॉसिंग पावडर टाकून ती वितळवून उठाव आणतात, आणि त्याच्याबद्दल गैरसमज खूप. स्टॅम्प मारायचा तो हळू सुकणाऱ्या शाईने, म्हणजे पिगमेंट इंक किंवा खास एम्बॉसिंग इंकने, पटकन सुकणारी शाई असेल तर पावडर चिकटायच्या आत ती वाळून जाते. मग पावडर टाकायची, जास्तीची झटकून परत डबीत घालायची, आणि हीट गनने, म्हणजे खूप गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने, तापवायची. हेअर ड्रायर चालेल का हा प्रश्न नेहमी येतो, नाही चालत, तो तेवढा तापत नाही आणि वर हवेच्या जोराने पावडर उडवून लावतो. हीट गन आधी थोडी तापू दे, मग एका कोपऱ्यावर धरा, आणि मग जे दिसतं ते बघण्यासारखं असतं, खरखरीत मॅट पावडर एका क्षणात चकचकीत होते आणि ती चमक पुढे सरकत जाते. जिथे चमक आली तिथून गन लगेच पुढे न्यायची, जास्त तापवलं की पावडर कागदात मुरते, उठाव जातो आणि तिथे तेलकट डाग पडल्यासारखं दिसतं. नको तिथे पावडरचे कण चिकटत असतील तर ते बोटांचा तेलकटपणा किंवा स्टॅटिक (कागदावरची स्थिर वीज), स्टॅम्प मारायच्या आधी कागदावर थोडी टाल्कम पावडर फिरवून पुसून घेतली की तो त्रास बराच कमी होतो.

टेक्श्चर पेस्ट, म्हणजे वाळल्यावर उठाव राहणारी घट्ट पेस्ट, स्टेन्सिलमधून लावायला सोपी आहे, जुन्या प्लास्टिक कार्डाने एकाच दमात ओढायची, स्टेन्सिल सरळ वर उचलायची आणि लगेच, अगदी लगेच पाण्यात टाकायची, कारण एकदा पेस्ट वाळली की बारीक जाळीतून ती काढणं म्हणजे शिक्षा. घरी करायची तर पांढरा फेव्हिकॉल, पांढरा ॲक्रिलिक आणि टाल्कम पावडर एकत्र घट्ट कालवा, चालतं. फक्त जाड थर वाकवला की तडा जातो, त्यामुळे खाली कडक पॅनेल हवं.

शिवण! कागदावरची शिवण मला इतकी आवडते की मी त्याच्याबद्दल वेगळं लिहू शकेन. दोरा कागदावर दिसतो तेव्हा लगेच हाताने केलंय हे कळतं. आधी सगळी भोकं पाडून घ्यायची, खाली जुना माउस पॅड किंवा फोम ठेवून, आणि दोन भोकांमध्ये ३-४ मिलीमीटर अंतर ठेवायचं. जवळजवळ पाडली की तिकीटासारखं तिथूनच फाटतं. मागे गाठ न मारता दोऱ्याचं टोक टेपने चिकटवा, गाठ पुढून फुगीर दिसते. शिलाई मशीन असेल तर टाका मोठा ठेवा आणि सुई जुनीच लावा, कागदाने सुई बोथट होते, ती मग कापडाला चालत नाही.

मीठ आणि क्लिंग फिल्मच्या (अन्न झाकायच्या पातळ प्लास्टिकच्या) ट्रिक्स सगळ्यांना माहीत असतात, वॉटरकलर ओला असताना, पण वरची चमक जायला लागलेली असताना, मीठ टाकायचं म्हणजे फुलं फुलं उमटतात, आणि क्लिंग फिल्म चुरगाळून ओल्या रंगावर ठेवून पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही म्हणजे स्फटिकासारख्या रेषा येतात. छान दिसतात, पण बोट फिरवलं तर काहीच लागत नाही. हे फक्त डोळ्याचं टेक्श्चर. त्यामुळे मी ते बॅकग्राउंडला ठेवते आणि त्याच्यावर खरोखर उचललेली एकच गोष्ट लावते.

उचलायला फोम टेप, म्हणजे दोन्ही बाजूंनी चिकटणारा जाड स्पंजसारखा टेप, १ किंवा २ मिलीमीटर जाडीचा. सगळं एकाच उंचीवर उचललं तर परत सपाटच वाटतं, म्हणून पान कार्डाला चिकटलेलं, फूल १ मिलीमीटर वर, त्याचा मधला भाग अजून वर, असं. ही आयडिया नवीन नाही बरं का. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत वुस्टर नावाच्या गावात एस्थर हाउलंड नावाच्या बाई व्हॅलेंटाइन कार्डं करायच्या, त्यांच्या कार्डांत कागदी लेसच्या खाली रंगीत कागदाची चकती असायची, म्हणजे जाळी उठून दिसावी, आणि थर वर उचलून धरायला कागदाच्या घड्या घातलेल्या पट्ट्या. फोम टेप नसताना. आपल्याकडे कधी टेप संपला तर कागदाची बारीक पट्टी झिगझॅग दुमडून लावा, काम होतं, उलट ती जरा स्प्रिंगसारखी हलते.

आता किती करायचं. माझा नियम असा की एका कार्डावर हाताला लागणारं एकच मोठं टेक्श्चर, फार तर दोन, आणि निदान अर्धं कार्ड मोकळं. खडबडीत भाग खडबडीत वाटायला शेजारी गुळगुळीत जागा लागते. पुठ्ठा, ज्यूट, लेस, पेस्ट, मोती असं सगळं एकत्र आलं की कशाकडेच लक्ष जात नाही. काही जणांना तसं भरगच्च आवडतं, आवडू दे, पण मग निदान सगळं एकाच रंगात तरी करा, रंग एक असला की वेगवेगळे पोत एकमेकांशी भांडत नाहीत.

पोस्टाने पाठवणार असाल तर जाडीचा विचार आधीच करा, नंतर नाही. पत्रांची वर्गवारी करणाऱ्या मशीनमधून जाताना बटण, मोती, लाखेचा शिक्का अशा कडक गोष्टी अडकतात किंवा फुटतात, आणि त्यांचा ठसा पाकिटावर उठतो तो वेगळा. दाबलं जाऊ शकेल असं एम्बॉसिंग असेल तर कार्डाच्या पुढे एक साधा जाड कागद ठेवून मग पाकिटात घाला. जाड पाकिटाला काही ठिकाणी जास्त पोस्टेज लागतं, तेही बघून घ्या. हातात द्यायचं कार्ड असेल तर मग काय, हवं तेवढं उंच करा.

आणि एक गोष्ट जी सगळे विसरतात ती म्हणजे आत लिहायचं कुठे. पॅनेल न वापरता थेट कार्डावरच दाबून उठवलं असेल तर आतल्या बाजूला खड्डे असतात आणि पेन त्यात अडकतं, शिवण असेल तर दोरे दिसतात. म्हणून आत एक पातळ गुळगुळीत कागद लावायचा, १०० जीएसएमच्या आसपासचा, कार्डापेक्षा थोडा लहान. मजकूर आधी लिहून मगच चिकटवा, म्हणजे अक्षर बिघडलं तर दुसरा कागद घेता येतो, आणि चिकटवताना पूर्ण कागदाला गोंद न लावता घडीच्या कडेला फक्त एक डबल साइडेड टेपची पट्टी लावा, ओल्या गोंदाने पातळ कागद फुगून सुरकुततो.