रे रोडचा ‘रे’ कोण?

“तुम्ही इतकी वर्षं रे रोडला उतरताय, मग हा रे कोण ते सांगा बघू.” मला हे कुणी ना कुणी विचारतंच. माझी सगळी नोकरी मुंबईतल्या दारूखाना नावाच्या भागात, लोखंडाच्या पेढीवर झाली, त्यामुळे हार्बर लाइनवरचं ते स्टेशन रोजचंच. कुणाला सत्यजित रे आठवतात, कुणाला तो रेल्वेचा एखादा गोरा इंजिनियर असेल असं वाटतं. तुम्ही विचारलंत म्हणून जरा बैजवार सांगतो, कारण या एका अक्षराच्या नावामागे जवळपास चारशे वर्षं आहेत.

स्टेशनला नाव मिळालं ते मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं. 1885 ते 1890 ते इथे होते. 1910 साली कुर्ल्याहून निघालेली हार्बरची लाइन याच स्टेशनापर्यंत आली. पुणेकरांनाही हे नाव परकं नाही. आजची मंडई 1886 मध्ये सुरू झाली तेव्हा ती ‘रे मार्केट’ होती. तिच्यावरच्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता, आणि पुढे त्याच मंडईला फुल्यांचं नाव मिळालं. मंडईत भाजी घेताना मला हे दर वेळी आठवतं आणि बरं वाटतं.

पण ‘रे’ हे त्या गव्हर्नरांचं आडनाव नव्हे. त्यांचं नाव डोनाल्ड जेम्स मकाय. ‘रे’ हे स्कॉटलंडच्या अगदी उत्तर किनाऱ्यावरचं एक लहानसं गाव. 1628 मध्ये राजा पहिला चार्ल्स याने मकाय कुळाचा प्रमुख सर डोनाल्ड याला ‘लॉर्ड रे’ केलं, तिथून हा किताब सुरू झाला. मुंबईला आलेले अकरावे.

स्कॉटलंडमधला एक बारकावा इथे समजून घ्यायला हवा, नाहीतर पुढचं काही उलगडत नाही. तिथे ‘बॅरन’ आणि ‘लॉर्ड’ एक नव्हेत. बॅरनपण जमिनीला चिकटलेलं असायचं, आपल्या वतनासारखं. जमीन विकली की बॅरनपणही घेणाऱ्याकडे जायचं. ही रीत थेट 2004 मध्ये मोडली. लॉर्ड हा मान मात्र रक्ताचा. पार्लमेंटात बसायचा हक्क बापाकडून मुलाकडे आणि मुलगा नसेल तर भाऊबंदांकडे जायचा. म्हणजे जमिनीचा तुकडाही न उरता लॉर्डपण पिढ्यानपिढ्या चालू शकतं. रे घराण्याचं नेमकं तेच झालं.

पहिल्या लॉर्डने 1626 मध्ये युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धासाठी पलटण उभी केली. आपल्या कुळातली आणि शेजारची पोरं जहाजात घालून तो आधी डेन्मार्कच्या आणि मग स्वीडनच्या राजासाठी लढला. 1631 च्या सुमाराचं एक जर्मन चित्र आहे, त्यात स्टेटिन बंदरात उतरलेले हे डोंगरी सैनिक दिसतात. अंगाभोवती लपेटलेली चौकड्यांची कांबळी, एकाच्या हातात धनुष्य. खाली लिहिलंय, ही माणसं काटक आहेत, भाकरी नसेल तर कंदमुळं खाऊन राहतात. ती ओळ मी कितीदा वाचली असेल. कुणाच्या तरी गावची ती पोरं, परक्या बंदरात उभी. लढाईने लॉर्डसाहेब कर्जात बुडाले, आणि 1642 पर्यंत स्ट्रॅथनेव्हरची सुपीक दरी सदरलँडच्या अर्लकडे, म्हणजे शेजारच्या बड्या सरदाराकडे, गेली. उरलासुरला मुलूख सातव्या लॉर्डने 1829 मध्ये त्याच सदरलँड घराण्याला तीन लाख पौंडांना विकला. म्हणजे पुण्यात रे मार्केट उघडलं तेव्हा रे घराण्याची त्या मुलखातली जमीन जाऊन 57 वर्षं झाली होती.

किताब तोवर हॉलंडला पोचला होता. दुसऱ्या लॉर्डचा एक मुलगा डच सैन्यातल्या स्कॉट पलटणीत गेला आणि त्याचा वंश तिथेच रुजला. 1875 मध्ये स्कॉटलंडमधली थोरली पाती निर्वंश झाली आणि लॉर्डपण या डच शाखेकडे आलं. आपले गव्हर्नर हेगमध्ये जन्मलेले, 1877 मध्ये ब्रिटिश नागरिक झालेले. ते मुंबईत असताना, 1888 मध्ये, त्यांचा सख्खा चुलतभाऊ नेदरलँडचा पंतप्रधान झाला. गव्हर्नरांना मूल नव्हतं. 1921 मध्ये ते गेल्यावर किताब त्या चुलतभावाच्या मुलाकडे गेला.

मला मात्र किताबापेक्षा त्या दरीतल्या माणसांचा जास्त घोर लागतो. मुलगी ॲबर्डीनला शिकत होती तेव्हा तिच्याबरोबर स्ट्रॅथनेव्हरला गेलो. 1814 आणि 1819 मध्ये सदरलँड इस्टेटीने तिथली गावंच्या गावं उठवली, मेंढ्यांना कुरणं हवी होती म्हणून. उठवलेल्यांत मकाय आडनावाची घरं पुष्कळ. घरांचे आढे जाळले, म्हणजे माणसं परत येऊन छप्पर घालणार नाहीत. त्या मुलखात झाडं कमी, घराचं आढं हीच मोठी दौलत. रोझल नावाच्या उठवलेल्या गावात आम्ही तासभर हिंडलो. गुडघाभर उंचीच्या दगडी भिंती, वरून गवत चढलेलं. एका घराच्या दारातून मी आत गेलो आणि नकळत पायातले बूट काढायला वाकलो.

तिथून पुढे बेटीहिलला, जुन्या चर्चमध्ये संग्रहालय आहे. ज्या व्यासपीठावरून पाद्र्याने घरं रिकामी करायच्या नोटिसा वाचल्या असं सांगतात, ते लाकडी व्यासपीठ अजून तिथे उभं आहे. तिथल्या बाईंना मी म्हटलं, आमच्या मुंबईत रे नावाचं रेल्वे स्टेशन आहे. त्यांना ते खरंच वाटेना. मग त्यांनी अभिप्रायाची वही पुढे केली आणि म्हणाल्या, तुमच्या स्टेशनावर लिहिलंय तसं लिहून दाखवा. मी लिहिलं, ‘रे’. त्या बाईंनी त्या एका अक्षरावर बोट फिरवलं आणि विचारलं, “बस, एवढंच?”