हालेलुयावाला

आत्याला जाऊन महिना झाला, म्हणून आज वसईला तिच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनाविधीला गेलो होतो. मिस्सा नीट पार पडली. गडबड झाली ती घरी, जपमाळ सुरू झाल्यावर. आत्याचा धाकटा मुलगा चार वर्षांपासून पेंटेकॉस्टल, म्हणजे जपमाळ आणि मूर्ती न मानणाऱ्या, 'हालेलुया'चा गजर करणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या प्रार्थनासभेला जातो. तो उठून ओटीवर जाऊन बसला. आतून कुणीतरी पुटपुटलं, "गेला हालेलुयावाला!" बाहेरून लगेच उत्तर आलं, "मूर्तिपूजकांनो!"

पन्नाशीची माणसं, आणि आत्याच्या फोटोपुढची मेणबत्ती अजून अर्धीही जळली नव्हती.

चिडवाचिडवी जुनीच म्हणा, कितीतरी ख्रिस्ती पंथांची नावं त्यातूनच आली. 'मेथडिस्ट' हे ऑक्सफर्डच्या पोरांनी वेस्ली बंधूंच्या टोळक्याला ठेवलेलं नाव. 'क्वेकर' म्हणजे थरथरणारे, तीही टिंगलच. 'लूथरन' तर मार्टिन लूथरच्या अनुयायांना विरोधकांनी हिणवायला काढलेला शब्द. १५१७ मध्ये लूथर आणि कॅथलिक चर्च यांच्यात पेटलेल्या वादाच्या मुळाशी असलेल्या मुद्द्यावर, माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो यावर, कॅथलिक आणि लूथरन मंडळींनी १९९९ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्गला सहमतीच्या कागदावर एकत्र सह्या केल्या. आमच्या ओटीपर्यंत ती बातमी बहुतेक पोचली नाही.

मीही काही बोललो नाही. खरं तर "हालेलुयावाला" ऐकून मला हसू आलं होतं, हे कबूल करतो.

जेवणं झाल्यावर मागच्या अंगणात भांडी घासायला तोच बसला. मी विसळत होतो. बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज. मग ताटावरची नजर न उचलता त्याने विचारलं, "आईची जपमाळ कुणाकडे आहे रे?"